लोकरीचा रंग आणि सरकारी दप्तर

चौदाव्या शतकात कलिंग देशी होऊन गेलेल्या विश्वनाथाने आपल्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात पूर्वरागाचे, म्हणजे मीलनापूर्वीच्या अनुरागाचे, तीन प्रकार सांगितले आहेत : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. जो फारसा झळकत नाही, पण मनातून जातही नाही, तो नीलीराग. जो झळकतो पण टिकत नाही, तो कुसुंभराग. आणि जो झळकतो व टिकतोही, तो मंजिष्ठाराग. साहित्याचे अभ्यासक या वर्गीकरणाकडे रसचर्चेतील एक पोटभेद म्हणून पाहतात व पुढे जातात. परंतु हे तीन शब्द प्रथम काव्यशास्त्रात जन्मलेले नव्हेत. ते रंगाऱ्याच्या अंगणातून तेथे आलेले आहेत, आणि त्यांतील निरीक्षण आजच्या रसायनशास्त्राच्या कसोटीलाही पुरेपूर उतरते.

कुसुंभ म्हणजे आपली करडई. तिच्या फुलांतून निघणारा लाल रंग दिसावयास मोहक खरा, परंतु ऊन आणि खार या दोहोंपुढे तो तग धरीत नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही. एकदा ती धाग्याच्या अंगात जाऊन बसली की तेथून सहसा निघत नाही, मात्र तिचा रंग गंभीर, भडक नव्हे. मंजिष्ठेच्या मुळांतील रंगद्रव्याचा तुरटीशी संयोग झाला म्हणजे धाग्यावरच एक न विरघळणारे संयुग तयार होते. म्हणून तो लाल झळकतो आणि टिकतोही. प्रेमाची प्रतवारी लावू पाहणाऱ्या पंडिताला रंगाऱ्याच्या धंद्यातील इतकी नेमकी माहिती होती, आणि ती आपल्या वाचकांनाही असणार असे तो गृहीत धरीत होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या समाजात रंग घरी किंवा शेजारी तयार होतो, त्याच समाजात असे गृहीत धरता येते.

आम्ही येथे विचार करणार आहोत तो लोकरीच्या रंगाचा. कापसाचा इतिहास आपल्या देशात इतका मोठा आहे की त्याच्या छायेत लोकर झाकली जाते. परंतु घरगुती रंगकामाच्या दृष्टीने लोकरीचे महत्त्व अधिक आहे, आणि त्याचे कारण तिच्या घडणीतच आहे. कापूस हा वनस्पतिज धागा. बहुतेक वनस्पतींचे रंग तो सहजासहजी स्वीकारीत नाही. त्याला आधी हिरड्यासारख्या तुरट द्रव्यात भिजवावे लागते, मग तुरटी द्यावी लागते, मग रंग. लोकर हा प्राण्याच्या अंगावरील केस. तिची घडण प्रथिनांची असल्यामुळे तुरटी आणि रंग ही दोन्ही ती आपणहून ओढून घेते. एक भांडे, चूल, पाणी आणि डोंगरावरची मुळे किंवा साली एवढ्या सामग्रीवर लोकर रंगते. म्हणूनच कापडाचे रंगारी ही गावोगावची स्वतंत्र जात झाली, तर लोकर रंगविणे हे थंड प्रदेशांत पुष्कळ काळ घरच्या बायकांचेच काम राहिले. कुमाऊं-गढवालच्या उत्तर सीमेवरील भोटिया वस्त्यांत आणि स्कॉटलंडच्या बेटांवर या कामाची रीत आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे.

ती रीत थोडक्यात अशी. लोकरीला मेंढीच्या अंगची स्निग्धता असते. ती गेल्यावाचून रंग सारखा बसत नाही. म्हणून प्रथम रिठ्याच्या कोमट पाण्यात लडी हलक्या हाताने धुवावयाच्या. येथे घाई किंवा चोळणे चालत नाही. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात गेलेली किंवा चोळली गेलेली लोकर आटते, तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि सुताचा नमदा होतो. त्यानंतर तुरटी. एक किलो कोरड्या लोकरीला साधारणपणे शंभर ते दीडशे ग्रॅम तुरटी पुरते. तिच्या पाण्यात लडी घालून पाणी हळूहळू तापवावयाचे, तासभर तसेच ठेवावयाचे आणि भांड्यातच निवू द्यावयाचे. मग मंजिष्ठेच्या मुळांची भरड पूड, बहुधा लोकरीच्या वजनाइतकी, रात्रभर भिजवून त्या पाण्यात लडी सोडावयाच्या. या वेळी पाणी उकळता कामा नये. सुमारे सत्तर अंशांच्या वर उष्णता गेली की मुळांतील तपकिरी द्रव्ये सुटू लागतात आणि लाल मातकट होतो. उष्णतामापक नसलेल्या घरात हा अंश हाताने आणि वाफेने ओळखावा लागे.

पिवळ्यासाठी हिमालयात दारुहळद किंवा डोलू, म्हणजे रानटी रेवंदचिनीची मुळे वापरीत. तपकिरीसाठी अक्रोडाच्या फळावरील हिरवे टरफल. अक्रोडाला तुरटीचीही गरज नाही; त्याचे रंगद्रव्य लोकरीशी थेट जोडले जाते, आणि टरफले सोलणाऱ्याच्या हातांनाही ते कित्येक दिवस सोडीत नाही. रंग काळपट करावयाचा तर शेवटी किंचित हिराकस. ‘किंचित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लोखंडाचा अंश जास्त झाला की लोकर राठ होते आणि काही वर्षांत तुटू लागते. जुन्या गालिच्यांतील काळ्या रेषा आसपासच्या रंगांपेक्षा खोल गेलेल्या दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

निळीची गोष्ट निराळी. ती पाण्यात विरघळत नसल्यामुळे तिला आंबवून विरघळण्याजोगे रूप द्यावे लागते. कापसाच्या निळीच्या माटात चुना घालतात. पण तीव्र खार लोकरीला खाऊन टाकतो. म्हणून लोकरीसाठी घरोघर वापरले जाई ते शिळे मूत्र. त्यातील अमोनिया हा सौम्य खार, आणि आंबण्याची क्रियाही त्यातच चालते. ही पद्धत युरोपातील खेड्यांतही तशीच होती. माटातून लडी वर काढली की ती पिवळसर हिरवी असते. हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होते. हिरव्या रंगाची म्हणून वेगळी वनस्पती क्वचितच लागते : आधी पिवळा, वर निळीची एक बुडी, की हिरवा तयार.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हॅरिस बेटाचे ट्वीड जगप्रसिद्ध आहे. त्याच्या जुन्या तांबूस तपकिरी रंगाचे मूळ खडकावर वाढणाऱ्या एका दगडफुलात आहे. तेथे त्याला क्रॉटल म्हणतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे त्याचेच जवळचे भावंड, ही गोष्ट मराठी वाचकांना गमतीची वाटेल. तेथील बायका चमच्याने ते खडकावरून खरवडीत, मोठ्या कढईत लोकरीचा एक थर आणि दगडफुलाचा एक थर असे रचीत आणि तासन् तास उकळीत. तुरटी लागत नसे. अशा लोकरीला येणारा वास वर्षानुवर्षे टिकतो. कोळी लोक मात्र या रंगाचे कपडे घालून समुद्रावर जात नसत. खडकावरून आलेले खडकाकडेच परत जाते, अशी त्यांची समजूत होती.

आता प्रश्न असा की या सर्व गोष्टी आज आपल्याला कळतात कशा? रंगविणाऱ्या हातांनी सहसा काही लिहून ठेवले नाही. जे लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग आपल्या देशापुरता तरी सरकारी नोकरांनी लिहिलेला आहे. आणि तेही बहुतेक घरापासून दूर, परक्या मुलखात नेमणुकीवर असलेल्यांनी. या इतिहासाची ही बाजू आमच्या वाचकवर्गाला विशेष जवळची वाटावी.

विल्यम मूरक्रॉफ्ट हे यांतील पहिले मोठे नाव. ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पैदाशीचा हा अधीक्षक चांगल्या घोड्यांच्या शोधात १८१९ साली मध्य आशियाकडे निघाला, आणि वाटेत १८२२-२३ मध्ये काश्मिरात राहिला. घोड्यांसाठी निघालेल्या या माणसाने शालीच्या धंद्याची जी बारीकसारीक माहिती टिपली, तिच्यावाचून त्या धंद्याचा इतिहास लिहिता येत नाही. मोगल अमदानीत तीनशेहून अधिक छटा प्रचारात होत्या, आणि आपल्या काळी रंगारी चौसष्ट रंग देण्याची हमी घेतात, असे त्याने नोंदले. प्रत्येक छटेला नाव होते. डाळिंबाच्या फुलावरून पडलेले ‘गुलनार’ हे त्यांपैकी एक. रंगारीपणा वंशपरंपरेने चाले. लोकर जितकी शुभ्र आणि सूत जितके बारीक, तितका रंग तेजस्वी बसतो, हे कारागिरांचे म्हणणेही त्याने लिहून ठेवले. आणि एक विलक्षण गोष्ट : निळ्या-हिरव्या रंगांसाठी हे रंगारी निळीबरोबरच युरोपातून आलेले बनातीचे कापड उकळून त्यातील रंग काढून घेत. परदेशी मालाचा असा उपयोग करणारा कारागीर पुराणप्रिय खचित नव्हता. मूरक्रॉफ्ट १८२५ साली परतीच्या वाटेवर वारला. त्याचे टिपण १८४१ मध्ये होरेस हेमन विल्सन या संस्कृत पंडिताच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी रंगाच्या इतिहासाला कलाटणी मिळाली. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कृत्रिम क्विनीन बनवू पाहत असता त्याच्या हाती डांबरापासून निघालेला जांभळा रंग आला. १८५९ मध्ये मॅजेंटा आला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी विलायती मंजिष्ठेतील मुख्य रंगद्रव्य, ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले, आणि थोड्याच वर्षांत युरोपातील मंजिष्ठेची शेते ओस पडली. आपली मंजिष्ठा त्या विलायती जातीची बहीण, परंतु तिच्यात ॲलिझरिन जवळजवळ नाही. तिचा लाल येतो तो मुख्यतः पर्प्युरिन आणि मंजिस्टिन या द्रव्यांमुळे. स्टेनहाउस या रसायनज्ञाने हे दुसरे द्रव्य तिच्यातून वेगळे केले आणि त्याला तिच्याच देशी नावावरून नाव दिले. अशा रीतीने एक संस्कृत शब्द रसायनाच्या परिभाषेत जाऊन बसला. पण त्याच सुमारास ती वनस्पती बाजारातून उठू लागली होती.

धंदा मोडू लागला तेव्हा सरकारला त्याची आठवण झाली. १८७५ साली लीक येथील रेशीमरंगारी टॉमस वॉर्डल याच्याकडे भारतीय रंगद्रव्यांच्या परीक्षेचे काम सोपविण्यात आले, आणि त्याने हजारो नमुने रंगवून पाहिले. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस त्याच काळात वॉर्डलकडे जाऊन वनस्पतींचे रंग शिकत होता व निळीच्या माटात हात घालून बाह्या निळ्या करून घेत होता. कलकत्त्यात लिओटार्ड याने १८८१ साली भारतीय रंगद्रव्यांवर टिपणी सिद्ध केली. जॉर्ज वॅट याचा भारतीय आर्थिक उत्पन्नांचा प्रचंड कोश १८८९ ते १८९३ या काळात बाहेर पडला. पुढे प्रांतोप्रांती स्वतंत्र प्रबंध निघाले. १८९६ या एका वर्षात मुंबई इलाख्यासाठी फॉसेट, बंगालसाठी बॅनर्जी आणि वायव्य प्रांत-अयोध्येसाठी सय्यद मुहम्मद हादी यांचे प्रबंध छापले गेले. आणि लगेच १८९७ साली जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली. एखाद्या जमीनदाराची मोजदाद तो मृत्युशय्येवर असताना पुरी व्हावी, तसा हा प्रकार झाला.

या अधिकाऱ्यांचे ऋण मान्य करूनही त्यांच्या कागदांची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांना हवे होते ते व्यापाराच्या उपयोगाचे ज्ञान : कोणती वनस्पती, कोठे होते, काय भावाने मिळते, तिच्यातून किती रंग निघतो. त्यांचा रोख मुख्यतः शहरातील आणि बाजारगावातील धंदेवाईक रंगाऱ्यांकडे होता. डोंगरातील घरात चुलीजवळ बसून वर्षातून दोनदा आपल्या मेंढ्यांची लोकर रंगविणारी बाई या चौकशीच्या वाटेवर क्वचितच आली. ती ना कर भरणारी, ना माल विकणारी. शिवाय तिचे ज्ञान प्रमाणांच्या कोष्टकात मावण्यासारखे नव्हते. मंजिष्ठेचा लाल चुनखडीच्या पाण्यात अधिक खुलतो. म्हणून एका ओढ्याच्या पाण्यावर जो रंग येतो, तो दुसऱ्या गावच्या विहिरीवर त्याच वजनमापाने येत नाही. मूळ किती वर्षांचे, कोणत्या ऋतूत खणलेले, सावलीत वाळविले की उन्हात, यांवरही रंग बदलतो. घरच्या बाईला हे ‘असे करावयाचे’ एवढ्या रूपाने ठाऊक होते. का करावयाचे, हे विचारणारा कोणी तिच्यापर्यंत पोचलाच नाही. वनस्पतींची नावे दप्तरात राहिली, पण त्यांना हाताळण्याची रीत पुष्कळशी बाहेरच राहिली.

हे लिहिताना जुन्या रंगांचा फाजील गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. डांबराच्या रंगांनी गरिबाच्या अंगावर रंग आणला, ही गोष्ट नाकारता येणार नाही. आणि वनस्पतीचा रंग म्हणजे निष्पाप रंग, असेही इतिहास सांगत नाही. बंगालच्या रयतेने १८५९-६० साली निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला तो उगीच नव्हे. चंपारणात ‘तीनकठिया’ पद्धतीने बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांवर नीळ लावणे कुळावर बंधनकारक होते. कृत्रिम निळीने भाव पाडल्यावर मळेवाल्यांनी तो तोटा वाढीव खंडाच्या रूपाने कुळांच्याच माथी मारला, आणि त्या प्रकरणातून १९१७ चा महात्मा गांधींचा सत्याग्रह उभा राहिला. तेव्हा नीळ घरच्या माटापुरती असणे आणि निर्यातीचे पीक असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. आम्ही बोलत आहोत ते पहिलीविषयी.

घरगुती रंगाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या एथेल मेरे या इंग्रज विणकर बाईंचे नाव येथे घेतले पाहिजे. त्यांचे पहिले पती म्हणजे कलामीमांसक आनंद कुमारस्वामी. त्यांच्यासमवेत १९०३ ते १९०७ ही वर्षे त्या सिलोनात होत्या आणि तेथील कारागिरांचे काम त्यांनी जवळून पाहिले, नोंदले. कुमारस्वामी तेव्हा तेथील खनिज पाहणी खात्याचे प्रमुख होते. म्हणजे येथेही पुन्हा सरकारी नेमणूक आणि फिरती. स्वदेशी परतल्यावर या बाईंनी सूतकताई, विणकाम आणि वनस्पतींचे रंग यांत आयुष्य घातले. १९१६ साली त्यांनी वनस्पतिज रंगांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. घरच्या भांड्यात, थोड्या लोकरीवर, कोणालाही करून पाहता येईल अशा भाषेत ते लिहिलेले असल्यामुळे ते पुनःपुन्हा छापले गेले. प्रांतिक प्रबंध कपाटात राहिले आणि हे पुस्तक स्वयंपाकघरात गेले. कारण त्याची लेखिका स्वतः हात रंगवून घेणारी होती.

आपल्या हिमालयात मात्र गोष्टी वेगळ्या वळणाने गेल्या. नीती, माणा, जोहार या खोऱ्यांतील भोटिया कुटुंबांचे जीवन तिबेटच्या व्यापारावर उभे होते. उन्हाळ्यात घाट ओलांडून धान्य जाई, लोकर आणि मीठ येई. हिवाळ्यात खालच्या वस्तीत ती लोकर कातली, रंगविली, विणली जाई. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर घाट बंद झाले, आणि त्याबरोबर लोकरीची वाट बंद झाली. लिपुलेखचा व्यापार १९९२ मध्ये मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाला खरा, पण तीस वर्षांच्या खंडात एक पिढी रंग न शिकताच मोठी झाली होती. डांबराच्या रंगाने जे शंभर वर्षांत पुरते केले नव्हते, ते एका बंद घाटाने पुष्कळसे करून टाकले. रंग केवळ स्वस्त पर्यायामुळे मरत नाही. तो ज्या ये-जा करण्यावर जगतो ती थांबली म्हणजेही मरतो.

महाराष्ट्राचा विचार करता आपल्याकडे लोकरीच्या रंगाची परंपरा तोकडी आहे, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. धनगरांचे घोंगडे हा आपला मुख्य लोकरी माल, आणि त्याचे सौंदर्य न रंगविलेल्या लोकरीतच आहे. दख्खनी मेंढीचे काळे, करडे, पांढरे केस वेगळे काढावयाचे, त्यांच्याच पट्ट्या टाकावयाच्या आणि वर चिंचोक्याची खळ द्यावयाची, ही ती रीत. आपले रंगारी आणि निळीचे काम करणारे निराळी राबले ते सुतावर. आज रंगारी हे आडनाव उरले आहे; ‘रंग पक्का आहे का?’ हा प्रश्न उरला आहे. त्यामागचे माट आणि मुळे उरली नाहीत.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. काही ॲझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात असे ठरल्यावर जर्मनीने १९९४ साली त्यांवर बंदीचा कायदा केला, भारतानेही त्या दशकात तशी बंदी घातली, आणि वनस्पतींच्या रंगांना गिऱ्हाईक मिळू लागले. परंतु गिऱ्हाईक मिळाले म्हणजे ज्ञान परत आले असे होत नाही. मंजिष्ठेची वेल पुन्हा लावता येते. ती कधी खणावी हे सांगणारी आजी पुन्हा लावता येत नाही.

आमचे पुष्कळ वाचक गढवाल, कुमाऊं, कुलू, लडाख, सिक्कीम अशा मुलखांत नोकरीनिमित्त जातात आणि दोन-तीन वर्षांनी बदलून दुसरीकडे जातात. फिरतीत एखाद्या घराच्या पडवीत रंगीत लोकरीच्या लडी वाळत घातलेल्या दिसल्या, तर त्यांनी घटकाभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. जुन्या प्रबंधांनी न विचारलेले प्रश्न विचारावेत : पाणी कोठले, मूळ केव्हा खणले, तुरटीनंतर लडी किती दिवस ठेवली, उकळी केव्हा थांबविली, हे कोणाकडून शिकलात. उत्तरे त्या घरच्या बोलीत, त्याच शब्दांत, सांगणाऱ्या बाईच्या अनुमतीने उतरून घ्यावीत. आणि तिची इच्छा असेल तर तिचे नावही त्यासोबत लिहावे, कारण जुन्या दप्तरात नेमके तेच राहून गेले. बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत या वहीसाठी रकाना नसतो. ती जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि तिची एक प्रत त्या घरी पोचती करावी.